पत्र्यांसाठी

जालना,
९ डिसेंबर

प्रिय शाम्या,

सप्रेम जय ख्रिस्त.

तुझ्या पत्रांना उत्तर नाही म्हणून तू तोंड फुगवून बसला असशील. बस. साखर आटोक्यात आहे, गुडघा होता तसाच आहे, हिच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आता मुद्द्याचं.

कापणीच्या सणाला तू आलास आणि लिलाव सुरू व्हायच्या आत बस गाठायची म्हणून सटकलास. त्यामुळं पुढचं तुला काहीच माहीत नाही. किंवा सगळंच माहीत आहे. तेच विचारायचंय, आणि विचारायचंही नाहीये.

सणाला आलेल्या धान्याफळांचा लिलाव यंदा रंगला. एका काशीफळावरून वसूदादा आणि तो ठेकेदार असे इरेला पेटले की फळ साडेतीन हजारांना गेलं. ज्यानं घेतलं त्यानं ते तिथंच परत चर्चला दिलं, पुन्हा बोली, पुन्हा टाळ्या. तू नाक मुरडशील. मुरड. पण चर्चचं थकलेलं वीजबिल त्या काशीफळानंच भरलं. माणसाच्या मिरवण्यातूनही देव आपलं काम काढून घेतो, एवढं तरी मान.

तर त्या दिवशी दानाच्या थैलीत एक पाकीट निघालं. आत रोख ४०,००० रुपये आणि चिठ्ठी, ‘पत्र्यांसाठी’. नाव नाही, गाव नाही. पाळकसाहेबांनी पुढच्या रविवारी जाहीर केलं आणि मंडळीनं तिथल्या तिथं हिशोब लावला. मे महिन्यात रिटायर कोण झालं? फंड कुणाच्या हातात आला? छत गळतंय म्हणून प्रत्येक मीटिंगमध्ये घसा कुणी फोडला? झालं! मी बाहेर येतो तर वसूदादा हात धरून म्हणतोय, ‘सर, तुमी काहीबी म्हणा, आमाला कळायलंय.’

मी म्हटलं, बाबा रे, मी नाही दिले. तर म्हणाला, ‘बघा, देनारा मानूस असाच बोलायला पाहिजे.’

तेव्हापासून मी जितकं नाही म्हणतो तितका मोठा होत चाललोय. मार्थाबाईंनी महिला मंडळात माझ्यासाठी मोठ्यानं प्रार्थना केली, ‘गुप्तदान करणाऱ्या आमच्या सरांना’ म्हणून. आता हे गुप्तदान बदनापूरपर्यंत पोचलंय. आणि कमिटीनं ठरवलंय की नाताळाच्या आदल्या रविवारी शाल घालायची.

तुला नगरच्या बोर्डिंगातलं आपलं भांडण आठवतं का? मत्तयाच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय तुझा, पाचवा माझा. तू म्हणायचास, उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये. मी म्हणायचो, त्याच डोंगरावरच्या त्याच उपदेशात येशू म्हणतो की तुमचा उजेड लोकांसमोर पडू द्या, त्यांनी तुमची चांगली कामं पाहावीत. मग तू टिळक काढायचास, आपले ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळक. १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ नावाची ख्रिस्तभक्तांची मंडळी मांडली, बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही तिच्यात घेतलं, लोक काय म्हणतील हे बघत बसले असते तर? दोन वर्षांत तर ते गेलेच. मी म्हणायचो, टिळकांकडं सोडायला पगार तरी होता, आपल्याला आधी लागू दे. पगार लागला, संपलाही, भांडण तसंच राहिलं.

आता मात्र वाटतं, दोन्ही अध्याय एकच विचारतात. पाहणारा पाहून झाल्यावर कुणाचं नाव घेतो? पाचव्यात तो स्वर्गातल्या बापाचं घेतो, सहाव्यात देणाऱ्याचं. माझ्या बाबतीत दोन्ही फसलं. नाव भलत्याचंच घेतलं जातंय.

पाळकसाहेबांनी मला ते पाकीट दाखवलं. काही बोलले नाहीत, नुसतं उलटं करून धरलं. चिकटवलेल्या कडेला भाताचं वाळलेलं शीत होतं. शाम्या, डिंकाला पैसे नाहीत म्हणून मेसमधला भात लावून घरची पाकिटं चिकटवणारा एकच इसम मी आयुष्यात पाहिलाय. मी पाकीट परत दिलं आणि म्हटलं, गरिबाघरचं दिसतंय.

आता माझी गोची बघ. गप्प बसलो तर लबाडी. नाही म्हटलं तर नम्रता. खरं नाव घेतलं तर ज्यानं जपून लपवलं त्याचा घात. येशू म्हणाला ना, टाळ्या मिळाल्या त्यांना त्यांचं प्रतिफळ मिळून चुकलं. मग ज्याला न केल्याच्या टाळ्या मिळाल्या, त्याचं काय? एक गंमत अशी की इथली मजुरी माझ्या नावावर निघाली, त्यामुळं देणाऱ्याची वरची पूर्ण शिल्लक आहे. त्या माणसाचा फायदाच झाला म्हणायचा.

पण शाम्या, टाळी खोटी असली तरी गोड लागते रे. परवा प्रार्थनेला उभा राहिलो तर मी शब्द निवडत होतो. इतकी वर्षं संडे स्कूलच्या पोरांची नाकं पुसत वचनं पाठ करून घेतली, तेव्हा कुणी बघत नव्हतं आणि शब्द निवडायला लागत नव्हते. पौलानं करिंथकरांना लिहिलं की माणसांनी माझा न्याय करावा याचं मला काहीच नाही. हे मी नेहमी निंदेबद्दल वाचत आलो. स्तुतीलाही तेच लागू आहे, आणि ते जास्त जड जातंय. निंदेवर निदान रागावता तरी येतं.

शालीच्या रविवारी मी अंबाजोगाईला साडूकडं जातोय. त्यावरही ‘सत्कार टाळला बघा’ असं म्हणतील, म्हणू देत. पाळकसाहेबांना एकट्यात सांगून ठेवलंय, शाल आणलीच असेल तर चर्च झाडणाऱ्या काकूंना द्या, थंडी आहे. ते हसले. मला वाटतं त्यांनाही शीत ओळखू आलंय.

पत्रे मात्र झकास बसलेत. आता पावसाळ्यात बादल्या मांडायची गरज नाही.

तुझं काय? प्रियाचं जमलं का? फ्लॅटचा ताबा मिळाला की बिल्डर अजून पुढच्या महिन्याच्याच गोष्टी सांगतोय? वहिनींना सलाम. बीपीची गोळी चुकवू नकोस.

आणि हे बघ, तो माणूस तू असशील तर मला कळवू नकोस. नसशील तरी कळवू नकोस. नाही म्हणणाऱ्याचं काय होतं ते मी भोगतोय.

तुझा,
याकोब

ता. क. उत्तराचं पाकीट डिंकानं चिकटव. आमचा पोस्टमन वसूदादाच्या ओट्यावर चहा घेतो.