माननीय आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र: नुसत्या ओएई यंत्राने भागणार नाही

माननीय महोदय,
सविनय नमस्कार.

नवजात बाळांच्या श्रवणचाचणीसाठी ओएई (आतल्या कानातून उलट येणारा आवाज टिपणारी) यंत्रे घेतली जातात, याचा आम्हा श्रवणतज्ज्ञांना आनंदच आहे. मात्र हे यंत्र कानाचा किती भाग तपासते, ते आपल्यापर्यंत पोहोचायला हवे.

बाळाच्या कानात मऊ टिप लावलेला प्रोब बसवतात. त्यातून बारीक ‘टक टक’ आवाज आत जातो. आतल्या कानातल्या कॉक्लियाच्या (शंखासारख्या भागाच्या) बाह्य केसपेशी निरोगी असतील, तर त्या स्वतःच एक अतिशय क्षीण आवाज उलट पाठवतात आणि प्रोबमधला मायक्रोफोन तो टिपतो. डेव्हिड केम्प यांनी १९७८ मध्ये हा आवाज प्रथम नोंदवला. श्रवणदोष साधारण ३० डेसिबलच्या वर गेला की हा आवाज सहसा मिळत नाही.

बाळ दूध पिऊन गाढ झोपलेले असेल, तर चाचणी काही मिनिटांत होते. जन्मानंतर पहिल्या २४ तासांत मात्र कानाच्या नळीत चिकट पांढरा थर आणि पडद्यामागे द्रव असतो. त्यामुळे चांगल्या कानालाही ‘रेफर’ (म्हणजे पुढे तपासायला हवे, असा निकाल) येतो. टिप लहान पडली, प्रोबच्या भोकात मळ अडकला किंवा शेजारी कुणी बोलत असले, तरी तेच. म्हणून चाचणी २४ तासांनंतर, पण घरी सोडण्याच्या आधी, शांत खोलीत करावी आणि प्रोब रोज तपासावा. ‘पास’ येईपर्यंत पुन्हा पुन्हा बटण दाबणे तर फार घातक, कारण त्यात योगायोगाने खोटा ‘पास’ मिळू शकतो.

आमची खरी काळजी एनआयसीयूतल्या (नवजात अतिदक्षता विभागातल्या) बाळांची आहे. तीव्र कावीळ किंवा जन्मताना ऑक्सिजन कमी पडणे, यांमुळे केसपेशी शाबूत राहून पुढे मज्जातंतूतच बिघाड होऊ शकतो. ओएई अशा बाळाला ‘पास’ करते, आणि आईवडील निर्धास्त घरी जातात. पाच दिवसांहून अधिक काळ एनआयसीयूत राहिलेल्या प्रत्येक बाळाची स्वयंचलित एबीआर (आवाजाला मेंदूच्या खोडभागाचा प्रतिसाद मोजणारी चाचणी) झालीच पाहिजे. त्यात कपाळ, मान आणि खांद्यावर इलेक्ट्रोड लावून ३५ डेसिबलच्या आवाजाला श्रवणाचा मज्जातंतू आणि मेंदूचा खोडभाग प्रतिसाद देतात का, ते पाहतात.

तेव्हा प्रत्येक एनआयसीयूला एबीआर यंत्र द्या, प्रशिक्षित माणूस नेमा आणि ‘रेफर’ झालेल्या बाळांची नोंदवही ठेवणे सक्तीचे करा. एका महिन्यात चाचणी, तीन महिन्यांत निदान, सहा महिन्यांत उपचार, ही मुदत त्या नोंदवहीवरूनच पाळता येईल.

आपले,
नवजात श्रवणचाचणी करणारे श्रवणतज्ज्ञ