सातबारा जिवंत झाला, आता घरांचंही पाहा : महसूल मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. महसूल मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : कोकण किनाऱ्यावरील जुन्या घरांना मिळकत पत्रिका देण्यापूर्वी त्यांच्या मालकीचा इतिहास नोंदवण्याबाबत.

महोदय,

सप्रेम नमस्कार.

एप्रिल 2025 पासून आपल्या खात्याने 'जिवंत सातबारा' मोहीम राज्यभर राबवली. मयत खातेदारांची नावं कमी करून वारसांची नावं लावण्याचं रखडलेलं काम तुमची माणसं गावात येऊन करू लागली, त्याबद्दल मनापासून आभार. ज्यांनी एका वारस नोंदीसाठी चपला झिजवल्या आहेत, त्यांना याचं मोल कळतं. पण ज्या खातेदाराचं शेत असं मार्गी लागलं, त्याचं राहतं घर मात्र अजून आजोबांच्या, कुठे कुठे पणजोबांच्या नावावर उभं आहे. त्या घराविषयी हे पत्र आहे.

मी कोकणात, समुद्राला लागून असलेल्या एका गावात राहते. शाळेतली नोकरी संपल्यापासून गावातल्या जुन्या घरांचे कागद लावून देणं हे माझं काम होऊन बसलं आहे. लोक माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंका उघडून पिशव्या घेऊन येतात. त्यातलं एक खरेदीखत मला नेहमी आठवतं. मोडीत लिहिलेलं, घडीवर फाटलेलं. घराला त्यात क्रमांक नाही, आहे ती फक्त चतुःसीमा : पूर्वेस पाखाडी, पश्चिमेस समुद्र, दक्षिणेस सोनाराचा गडगा, उत्तरेस विहिरीकडे जाण्याची वाट. कागद खरा आहे, सह्या आहेत, साक्षीदार आहेत. पण सोनाराचं कुटुंब मुंबईला जाऊन दोन पिढ्या झाल्या, गडगा, म्हणजे दगडी कुंपण, रिक्षा आत यावी म्हणून काढला गेला आणि समुद्र तर बराच अलीकडे आला. हा कागद नेमक्या कुठल्या घराचा, हे आज सांगू शकतील अशी दोन-तीन म्हातारी माणसं गावात उरली आहेत. त्यांचं सांगणं कुठल्याही सरकारी कागदावर नाही.

सरकारी कागद म्हणून लोकांकडे असतो तो ग्रामपंचायतीचा नमुना 8, ज्याला आम्ही असेसमेंटचा उतारा म्हणतो. घरपट्टी कुणी भरायची, एवढंच ठरवायला ही नोंदवही आहे. तिच्यावरून मालकी ठरत नाही, हे न्यायालयांनी वेळोवेळी सांगितलं आहे. तरीही गावात तोच कागद मालकीचा धरून चालतात, कारण दुसरा नसतो. त्यात नाव असतं बहुधा थोरल्या भावाचं, कारण पट्टी भरायला तो गावात होता. धाकटे गिरणीत होते, गोदीत होते, बोटीवर होते. घराचं छप्पर शाकारायला, पुढे कौलं घालायला पैसे त्यांचेच येत होते, पण घरपट्टीची पावती थोरल्याच्या नावाने फाटत राहिली. सातबाऱ्यावर निदान एकत्र कुटुंबाचा कर्ता अशी नोंद करून बाकीच्यांसाठी फट ठेवलेली असे. पंचायतीच्या वहीत तीही नाही.

24 एप्रिल 2020 ला केंद्राची 'स्वामित्व' योजना सुरू झाली. गावठाणाचं ड्रोनने मोजमाप करायचं, प्रत्येक घराचा नकाशा काढायचा, चौकशी करायची आणि मिळकत पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड, द्यायची, ही कल्पना अतिशय चांगली आहे. या पद्धतीचा पहिला प्रयोग पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत, म्हणजे आपल्याच राज्यात झाला, याचा मला अभिमान वाटतो. पण देशावरचं गावठाण आणि कोकणातली वाडी यांत फरक आहे. तिकडे घराला घर लागून असतं. उड्डाणाच्या आधी चुन्याच्या रेघा मारल्या की मिळकती वेगळ्या दिसतात. आमच्याकडे घरं माडापोफळीच्या खाली झाकलेली असतात. जिथे दिसतात तिथे वरून एकच लांबलचक कौलारू छप्पर दिसतं आणि आत तीन चुली असतात. ओटी सामाईक, माजघर थोरल्याचं, मागची पडवी विधवा काकूची, विहीर सगळ्यांची. हे वाटप कधी लिहिलं गेलेलं नसतं, पण दोन-दोन पिढ्या पाळलेलं असतं. छायाचित्रात यातलं काही येत नाही. मग चौकशीला आलेला कर्मचारी काय करणार? तो पंचायतीची वही उघडतो आणि तिथलं नाव उतरवून घेतो.

इथेच सगळी चूक आहे, महोदय. करासाठी लिहिलेलं नाव मालक म्हणून पत्रिकेवर चढतं. अधिकार अभिलेखातली नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानावी, असं महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम 157 सांगतं आणि व्यवहारात मिळकत पत्रिकेलाही तोच मान मिळतो. बँक ती पाहून कर्ज देते, खरेदीदार ती पाहून पैसे मोजतो. ज्याचं नाव राहिलं, त्याने पुढे दिवाणी दावा लावून सिद्ध करत बसायचं. नालासोपाऱ्याला एका खोलीत राहणारा माणूस गावच्या पडवीसाठी दहा-पंधरा वर्षं कोर्टाच्या तारखा करणार नाही. तो नाद सोडतो. बहिणींचं तर विचारायलाच नको. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने वडिलांच्या मिळकतीत मुलीला वारसा दिला, राज्याने 1994 ला आणि केंद्राने 2005 ला तिला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीने आणून बसवलं. आमच्या गावातल्या पंचायतीच्या जुन्या वह्यांत मात्र मुलीच्या नावाने घर मला जवळजवळ सापडलेलंच नाही. तिने हक्कसोड दिलं असेल तर ते तिच्या मर्जीने दिलं म्हणू. पण जिचं नाव कधी लागलंच नाही, तिला सोडायलाही काही मिळालेलं नाही.

गावठाणाबाहेरच्या वाड्यांचा प्रश्न याहून अवघड आहे. कोकणात निम्मं गाव शेतजमिनीच्या सर्व्हे नंबरांत वसलेलं असतं. तिथे घर एकाचं आणि घराखालची जमीन दुसऱ्याची, हे आजही सर्रास आहे. याची मुळं खोतीत, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या खोताच्या वतनात आहेत. खोताच्या जागेत कुळाने स्वतःच्या पैशाने घर बांधायचं, वर त्याचीच वेठ करायची. ही पद्धत मोडावी म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 17 सप्टेंबर 1937 ला मुंबईच्या विधिमंडळात विधेयक मांडलं. अलिबागजवळ चरीच्या शेतकऱ्यांनी त्याआधीच, 1933 पासून संप पुकारला होता आणि पुढे वर्षानुवर्षं जमिनी पडीक ठेवून तो टिकवला. खोती निर्मूलनाचा कायदा झाला तो 1949 चा. कुळकायद्याच्या कलम 16 ने कुळाला त्याने बांधलेल्या घरातून काढण्यास मनाई केली आणि घराखालची जागा त्याच्या नावे व्हावी म्हणून 17 ब आलं. कायदा झाला, पण किती घरांखालची जागा खरोखर कुळाच्या नावावर आली? जिथे अर्जच झाला नाही, तिथे सातबाऱ्यावर आजही जुन्या मालकाचे वारस आहेत आणि घरवाल्याचं नाव फार तर 'इतर हक्कां'त. ड्रोन फक्त गावठाणावर फिरला, तर ही घरं मोजणीतून सुटतील. ज्यांच्या आज्या-पणज्यांनी वेठ केली, त्यांचीच घरं पुन्हा कागदाबाहेर राहतील.

घरात आज कोण राहतं, हे पाहून कळतं. तो तिथे कसा आला, हे कळायला विचारावं लागतं आणि कायद्यात सगळं या 'कसा'वर ठरतं. परवानगीने राहणाऱ्याचा ताबा कितीही वर्षांचा झाला तरी मालकाविरुद्धचा ताबा होत नाही. तो विकत घेऊन राहतो, कूळ म्हणून राहतो, राखण म्हणून राहतो की नातेवाईक म्हणून, यावर त्याचा हक्क ठरतो. आमच्या किनाऱ्यावर राखणीची घरं पुष्कळ आहेत. नवगाव, रेवदंडा या भागातली बेने इस्रायली कुटुंबं 1948 नंतर इस्रायलला गेली. कोकणी मुसलमान कुटुंबं केपटाऊनला गेली, पुढे आखातात गेली. ब्राह्मण, भंडारी, कुणबी घरांतली माणसं मुंबईला गेली. मागे कुणीतरी दिवा लावायला ठेवलं गेलं. ज्याने चाळीस पावसाळे ते घर सांभाळलं, कौलं परतली, वाळवी लागलेले वासे बदलले, त्याला एका नोटिशीने बाहेर काढणं अन्याय आहे. त्याला गुपचूप मालक करून टाकणं हाही अन्यायच. दोघांचीही हकीकत लिहून ठेवली, तर निदान न्याय करणाऱ्यापुढे खरं काय ते असेल.

हे आता इतकं तातडीचं का झालं, तेही सांगते. अटल सेतू झाल्यापासून अलिबाग मुंबईच्या अंगणात आलं आहे. रेवस-रेड्डी सागरी महामार्गाची चर्चा जिथे पोचते तिथे दलाल पोचतात. त्यांची पद्धत ठरलेली आहे. दहा वारसांपैकी अडचणीत असलेला एक शोधायचा, त्याचा अविभक्त हिस्सा स्वस्तात लिहून घ्यायचा आणि मग घरात पाऊल ठेवून बाकीच्यांना नको नको करून सोडायचं. कुटुंबाच्या राहत्या घरातला हिस्सा परक्याने घेतला तरी त्याला आत येऊन एकत्र राहण्याचा हक्क मिळत नाही, असं मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 44 सांगतं. त्याने वाटपाचा दावा लावला, तर घरच्यांना न्यायालय ठरवील त्या किमतीला तो हिस्सा परत घेता येतो, ही सोय 1893 च्या वाटप कायद्यात आहे. हे संरक्षण सव्वाशेहून अधिक वर्षं कायद्यात आहे. पण ते मागायला आधी दाखवावं लागतं की हे घर एकत्र कुटुंबाचं आहे. पत्रिकेवर एकट्याचं नाव असेल, तर ते दाखवायचं कसं?

शिवाय समुद्र आहे. 19 फेब्रुवारी 1991 च्या किनारा नियमन अधिसूचनेपासून भरती रेषेजवळच्या घराला हात लावायचा तर ते आधीपासूनचं आणि अधिकृत आहे, हे दाखवावं लागतं. 2011 च्या अधिसूचनेने ग्रामीण किनाऱ्यावर 200 मीटरच्या पट्ट्यात जुन्या अधिकृत घराची दुरुस्ती वा पुनर्बांधणी करू दिली, पण आहे त्याच जोत्यावर. म्हणजे जोतं किती होतं आणि केव्हापासून होतं, यावर घराचं भवितव्य. कोळीवाड्यातल्या बायका आम्हाला विचारतात, सासूच्या लग्नात हे घर होतं, याहून कुठला पुरावा द्यायचा? 3 जून 2020 ला निसर्ग वादळात छपरं उडाली, पुढच्याच वर्षी तौक्ते आलं. पंचनामे झाले, मदतही आली, पण उताऱ्यावरचा माणूस मयत आणि वारसांचं एकमत नाही, म्हणून ती अडकल्याचं मी माझ्याच आळीत पाहिलं. ताडपत्रीखाली त्या घराने दोन पावसाळे काढले आणि तिसऱ्यात मागची भिंत बसली. जांभ्याचा चिरा पाण्यात भिजत राहिला की किती दिवस तग धरणार?

माझं मागणं नवा कायदा करण्याचं नाही. संहितेच्या कलम 126 खाली जुन्या शहरांची आणि मोठ्या गावांची नगर भूमापनं झाली, तेव्हा चौकशी नोंदवही लिहिली जाई. कुणाचं घर, कुणाकडून आलं, कोणत्या कागदाने आलं, कुणी हरकत घेतली, हे तिच्यात सापडतं. त्या वह्या आजही दाव्यांत उपयोगी पडतात. तशी खरीखुरी वही आमच्या किनाऱ्यावरच्या प्रत्येक जुन्या घराची व्हावी, आणि वाडीतल्या घरांचीही व्हावी. त्यात जोत्याची लांबी-रुंदी यावी, मुलींसकट सगळ्या वारसांची नावं यावीत, राहणारा कोणत्या नात्याने राहतो ते यावं आणि जिथे वाद आहे तिथे 'वाद आहे' एवढं तरी प्रामाणिकपणे लिहावं. वाद संपेपर्यंत एकट्याच्या नावाने पत्रिका देऊ नये. कच्ची यादी तयार झाली की सातबाऱ्याचं करता तसं तिचं चावडी वाचन करा, म्हणजे ती गावासमोर वाचून दाखवा. आणि हे काम श्रावणात, घरं बंद असताना करू नका. नोटीस कुलुपावर चिकटवून जाता, ती मुंबईच्या माणसाला कधीच मिळत नाही. गणपतीत, शिमग्यात आणि मे महिन्यात सगळं गाव घरी असतं. तेव्हा भूमि अभिलेखचा माणूस आमच्या ओटीवर येऊन बसला, तर जे काम वर्षभरात होत नाही ते आठवड्यात होईल.

मोडी वाचणारी माणसं कुठून आणायची, असं कुणी म्हणेल. 2023 मध्ये कुणबी नोंदी शोधायच्या होत्या, तेव्हा आपल्याच खात्याने जुनी दप्तरं उघडली आणि मोडी वाचक बसवले. पुराभिलेख विभाग मोडीचे वर्ग घेतो, तिथून दरवर्षी शिकून बाहेर पडणारी मुलं काम शोधत असतात. दुय्यम निबंधक कार्यालयातले जुने दस्त, तहसील कचेरीतले फेरफार आणि लोकांच्या ट्रंकेतले कागद या मुलांनी एकत्र वाचले, तर चतुःसीमेतलं घर आणि नकाशातलं घर जुळवता येईल. फक्त तो सोनाराचा गडगा कुठे होता, हे दाखवणारी माणसं ऐंशी-नव्वदीत आहेत. त्यांचा जबाब आधी घ्यायला हवा, बाकीचं मागाहून झालं तरी चालेल.

सुरुवातीला प्रत्येक किनारी तालुक्यातलं एक गाव घ्या. आमचं घेतलंत, तर शाळेची खोली आणि आजवर जमवलेले सगळे कागद आम्ही उघडून देऊ. येत्या गणपतीत पहिली बैठक लागावी, असा आदेश आपण भूमि अभिलेख विभागाला द्यावा, ही विनंती.

आपली,
किनाऱ्यावरच्या एका गावातली निवृत्त शिक्षिका