मुलांच्या चित्रांतली सेवाही पाहा

महोदय,

आमच्या चर्चच्या संडे स्कूलमध्ये मी चित्रकला शिकवते. यंदाच्या स्पर्धेचा विषय होता ‘मिशनकार्य’. बहुतेकांनी क्रूस, कबुतर काढलं. नववीतल्या एका मुलीने मात्र केडगावचं मुक्ती मिशन, म्हणजे पंडिता रमाबाईंनी उभारलेला निराधार स्त्रियांचा आश्रम, रंगवलं: छापखान्यात वाकून छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्या मुली, बोटं शाईने काळी. 1896च्या दुष्काळानंतर पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून निराधार मुली केडगावला आणल्या. रमाबाईंनी भाषांतरित केलेलं मराठी बायबल मुक्तीच्याच छापखान्यात छापलं गेलं. ‘यात धार्मिक काही दिसत नाही’ म्हणून परीक्षकांनी ते चित्र बाजूला ठेवलं. मला हे मुळीच पटत नाही. पुण्यात राहून साडीतली मरियम रंगवणाऱ्या चित्रकार अँजेलो दा फोन्सेकांनाही टीका सोसावी लागली होती. चर्चच्या मंडळ्यांनी नाताळच्या प्रदर्शनात अशा चित्रांना हक्काची जागा द्यावी.

— एक चित्रकला शिक्षिका, पुणे