प्लॅन वाढवून काय होते, तार तर पाच किलोमीटरची आहे!

संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात एका वाचकाचं पत्र होतं, खेड्यात टेलिफोनच्या तारेवरचं नेट म्हणजे पैसे पाण्यात, कनेक्शन काढून टाका अन् मोबाइलवर या. त्यांचा राग खरा आहे पण उपाय पटला नाही म्हणून लिहितो. मोबाइलची रेंज सगळ्या गावात थोडीच आहे, आमच्याकडं तर टिनाच्या घरात शिरलं की रेंज गायब, पोट्टे गच्चीवर नाहीतर देवळाच्या ओट्यावर जाऊन महाडीबीटीचे फॉर्म भरतात. अशा गावात जुनी तार आहे तिच्यातूनच जास्त काढता येते का ते आधी पाहिलं पाहिजे, आणि येते, थोडं डोकं लावलं तर.

पहिली गोष्ट म्हणजे स्पीड प्लॅनवर ठरतच नाही, तारेवर ठरते. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, एक्स्चेंज दुसऱ्या गावात, नकाशावर अंतर कमी दिसते पण केबल रस्त्यानं वळसे घेत येते त्यामुळं तारेच्या हिशेबानं पाच किलोमीटर भरते. या तारेवरून येणाऱ्या नेटला एडीएसएल म्हणतात. आपलं बोलणं चार किलोहर्ट्झच्या खाली चालते, नेट त्याच्या वर, साधारण ११०० किलोहर्ट्झपर्यंत, आणि त्याचा सुधारलेला प्रकार एडीएसएल टू प्लस असेल तर २२०० पर्यंत. तार जितकी लांब तितक्या वरच्या फ्रिक्वेन्सी आधी मरतात, आणि स्पीड तर तिथंच असते. कालव्याच्या टेलवरच्या कास्तकारापर्यंत पाणी पोचेपर्यंत जशी नुसती बारीक धार उरते तसं समजा. एक्स्चेंजपासून एक किलोमीटरच्या आत २० एमबीपीएसच्या आसपास मिळू शकते (कागदावर २४ लिहितात), दोन-अडीच किलोमीटरवर आठ-दहा, आणि पाचवर एक-दीड मिळाली तरी तार बरी आहे म्हणायचं.

मंग पाच किलोमीटरवरच्या गिऱ्हाइकाला ८ एमबीपीएसचा प्लॅन काहून विकतात? ‘स्पीड येत नाही’ म्हटलं की काउंटरवरून उत्तर काय, तर वरचा प्लॅन घ्या. अहो खालचाच पोचत नाही तर वरचा कुठून पोचंल. आणि सरकारचीच व्याख्या पाहा, २००४ च्या धोरणात २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हणत होते, २०१३ मध्ये ५१२ केलं, जानेवारी २०२३ पासून किमान २ एमबीपीएस पाहिजे. म्हणजे ज्याच्या घरी दीड येते त्याला ब्रॉडबँडचं बिल कोणत्या हिशेबानं लावून राहिले हे कोणीतरी विचारायला पाहिजे ना.

आता आपल्याला मिळायला किती पाहिजे हे कसं कळणार, तर मोडेमलाच विचारायचं. मोडेमच्या खालच्या स्टिकरवर एक पत्ता असतो, बहुतेक १९२.१६८.१.१, तो ब्राउझरमध्ये टाकला की लॉगिन होते (पासवर्डही त्याच स्टिकरवर), आत स्टेटस किंवा डीएसएल नावाच्या पानावर दोन आकडे सापडतात. एक अटेन्युएशन, म्हणजे तारेत सिग्नल किती खाल्ला जातो, हा किलोमीटरला साधारण १४ डेसिबल धरा, ६०-६५ दिसला तर तुम्ही सव्वाचार-साडेचार किलोमीटरवर आहात आणि घरात काहीही केलं तरी १० एमबीपीएस होणार नाही, मान्य करा. दुसरा एसएनआर मार्जिन, म्हणजे खरखरीच्या वर सिग्नल किती उरला. तो सहाच्या खाली गेला की लाइन सारखी तुटते, दहाच्या वर असला तर निवांत. तिसरी गोष्ट त्याच पानावर कनेक्शनची स्पीड लिहिलेली असते. ती ४ एमबीपीएस दाखवते आणि स्पीड टेस्टमध्ये संध्याकाळी अर्धासुद्धा येत नाही तर दोष तारेचा नाही, एक्स्चेंजमधून पुढं जाणारा रस्ता सगळ्यांमध्ये वाटला जाऊन राहिला (किंवा तुमच्याच घरातले चार मोबाइल एकदम अपडेट होऊन राहिले, वायफायचा पासवर्ड अख्ख्या गल्लीला माहीत असतो बाप्पा). टेस्ट वायफायवर करू नका, लॅपटॉपला लॅनची वायर लावून करा. आणि डाउनलोड करताना जो आकडा दिसतो तो बाइटमध्ये असतो, २ एमबीपीएस म्हणजे सेकंदाला पाव एमबी, त्यावरून घाबरू नका. अपलोड तर या तारेवर कायमच कमी, फार फार तर एकच्या आसपास, म्हणून जातीच्या दाखल्याचा स्कॅन चढवताना चक्र फिरत बसते. फोटो आधी छोटा करून टाका, हा फुकटचा उपाय आहे.

आता घरातल्या वायरिंगबद्दल, इथं सगळ्यात जास्त घाण असते आणि कंपनीला बोलण्याआधी आपण पाहून घेतलेलं बरं. बाहेरून तार घरात येते तिथं एक छोटी रोझेटची डबी असते. घरातले सगळे फोन, एक्स्टेन्शन काढा आणि मोडेम एकटाच त्या डबीवर लावा, मग ते दोन आकडे पुन्हा पाहा. आकडे सुधारले तर चोर घरात आहे. आमच्याकडं दर दुसऱ्या घरी फोनची तार पुढच्या खोलीतून मागच्या खोलीत, तिथून माडीवर, एखाद्याच्या इथं तर गोठ्यापर्यंत ओढलेली, तीही लाइटीची साधी दोनतारी वायर. टेलिफोनच्या केबलमध्ये दोन तारा एकमेकीला पीळ दिलेल्या असतात ते उगाच नाही, त्या पिळानं बाहेरची खरखर एकमेकीला मारते. बिनपिळाच्या वायरीत ते होत नाही, ती अँटेनासारखी सगळं गोळा करते. शिवाय टोकाला काहीच जोडलेलं नसलं तरी ती लोंबती वायर सिग्नल परत फेकते आणि त्यातले काही पट्टे खाऊन टाकते. तवा उपाय एवढाच, स्प्लिटर (फोन अन् नेट वेगळं करणारी छोटी डबी) पहिल्या डबीवरच लावा, मोडेम तिथंच ठेवा, फोनची शाखा स्प्लिटरच्या पुढून काढा, आणि नको ती वायर मुळातून काढून टाका, नुसता फोन उचलून ठेवून भागत नाही. मोडेम ट्यूबलाइटच्या चोकजवळ, मोटरच्या स्टार्टरजवळ, स्वस्तातल्या एलईडी अन् चार्जरच्या गर्दीत ठेवू नका.

आणि हे मुद्दाम सांगतो कारण मुंबई-पुण्याचे लोक हे कधीच सांगणार नाहीत, वावरातलं झटका मशीन! रानडुकरं आणि रोह्यांपायी आता धुऱ्याधुऱ्यावर सोलरचे झटका कुंपण आहेत, त्याशिवाय पऱ्हाटी-तूर हाती लागत नाही, कास्तकाराला दोष देण्यात अर्थ नाही. पण ते मशीन दर सेकंदाला-दीड सेकंदाला झटका सोडते, आणि कुंपणाच्या तारेला गवत लागलं किंवा इन्सुलेटर फुटला की तिथं ठिणगी पडते, ती ठिणगी म्हणजे लहानसा रेडिओ ट्रान्समीटरच. टेलिफोनची तार त्याला लागून खांबाखांबानं गेली असली की फोनमध्ये टिक टिक ऐकू येते आणि मार्जिन खाली येतो. शोधायचं कसं, तर जुना ट्रान्झिस्टर काढा, मीडियम वेव्हवर स्टेशन नसलेल्या जागी लावा आणि तारेच्या बाजूनं चालत जा. एडीएसएल आणि मीडियम वेव्ह एकाच पट्ट्यात चालतात, आपलं आकाशवाणी नागपूर ५८५ किलोहर्ट्झवर लागते ते नेटच्या पट्ट्याच्या मधातच आहे. जिथं टिकटिक वाढली तिथं कुंपणाचं गवत काढा, इन्सुलेटर बदला, मशीनची अर्थिंग फोनच्या अर्थिंगपासून दूर घ्या. भांडण न करता होते, त्या कास्तकाराचाही फायदाच आहे, गवतात झटका वाया जाऊन राहिला असते. रात्री लाइन जास्त तुटते त्यातलाही थोडा हात रेडिओचाच, अंधार पडला की मीडियम वेव्हची लांबलांबची स्टेशनं यायला लागतात आणि दिवसा काठावर असलेला मार्जिन संपतो.

एवढं करूनही पहिल्या डबीवर आकडे खराबच असतील तर मग कंपनी. आणि तिथं आपले लोक चूक करतात, ‘नेट स्लो आहे’ एवढीच तक्रार देतात. स्लो आहेवर कोणी खांबावर चढत नाही. फोनवर एक आकडा दाबून शांत लाइन ऐका, खरखर आली तर ‘लाइनमध्ये नॉइज’ म्हणून टेलिफोनचीच तक्रार नोंदवा, सोबत अटेन्युएशन, मार्जिन, तारीख, वेळ. खरखर म्हणजे जॉइंट. डीपीपासून (खांबावरची टेलिफोनची डबी, लाइटीची डीपी नाही) घरापर्यंतची तार निंबाच्या झाडातून येते, मधात पीळ मारून वर पन्नी गुंडाळलेली, तांबं हिरवं पडलेलं. काळ्या जमिनीतली केबल तर अजून वेगळं दुखणं आहे, आपली कपाशीची माती पावसात फुगते अन् उन्हाळ्यात हातभर फाटते, दरवर्षी जॉइंट ओढला जातो, मग मृगाचा पहिला पाऊस आला की पाणी आत. आणि नळयोजनेच्या खोदकामात, रस्त्याच्या रुंदीकरणात जेसीबीनं केबल तोडली की घाईत जोडून माती लोटतात, तो जॉइंट जन्मभर भोवते. एक गंमत सांगतो, दोनपैकी एक तार तुटली तर फोन मेलेला असतो पण नेट कधीकधी रांगत चालू राहते, कारण उंच फ्रिक्वेन्सी तुटलेल्या जागेवरूनही थोडीफार उडी मारते. लोकांना वाटते नेट आहे म्हणजे तार ठीक आहे. नाही.

लाइनमनलाही सरळ शब्दात सांगा, पिलरवरून (रस्त्याकडेची टेलिफोनची पेटी) पेअर, म्हणजे तारांची जोडी, बदलून पाहा म्हणून. त्या बिचाऱ्याचाही दोष किती, एका माणसाकडं किती गावं देऊन ठेवली आणि जॉइंटमध्ये पाणी जाऊ नये म्हणून लागणारे जेलीचे कनेक्टर स्टोअरमध्ये नाहीत असं तोच सांगते. तार लांबच असेल तर एक्स्चेंजमधून स्पीडचा प्रोफाइल मुद्दाम खाली घ्यायला सांगा. उलटं वाटते, पण दर दहा मिनिटांनी तुटणाऱ्या ३ पेक्षा दिवसभर न तुटणारी दीड परवडते, फॉर्म तरी सबमिट होते.

आता मुख्य म्हणणं. फायबर येऊन राहिलं म्हणतात, खरं आहे, २०११ मध्ये मंजूर झालेली योजना पुढं भारतनेट झाली, २०२३ च्या ऑगस्टमध्ये सुधारित कार्यक्रमाला १ लाख ३९ हजार ५७९ कोटी मंजूर झाले. पण फायबर ग्रामपंचायतीत आलं म्हणजे ते घरात आलं असं नाही. आमच्या भागात कित्येक ठिकाणी पंचायतीच्या भिंतीवर पेटी आहे, दिवा बंद आहे, आणि तिच्यापासून दोनशे मीटरवर राहणारा माणूस पाच किलोमीटरच्या तांब्यावरून नेट घेऊन राहिला. याला काय म्हणावं! माझी सूचना अशी की एक्स्चेंजमध्ये जे डीएसएलचं यंत्र बसवतात त्याचंच लहान रूप पंचायतीजवळ त्या फायबरला जोडा आणि गावातलं जे तांबं खांबांवर आहेच ते तिथून चालवा. पाच किलोमीटरची तार पाचशे मीटरची होते, त्याच जुन्या मोडेमवर १५-२० एमबीपीएस निघते, व्हीडीएसएल (कमी अंतरावर जास्त स्पीड देणारा डीएसएलचाच प्रकार) बसवलं तर त्याच्याही वर. घरोघरी खोदायची गरज नाही. हे काही माझ्या डोक्यातलं नाही, परदेशात रस्त्याच्या कडेच्या पेटीपर्यंत फायबर आणि पुढं तांबं असं वर्षानुवर्षं चालवलं. जिथं तांबं पार सडलं तिथं थेट फायबर टाका, हरकत नाही, पण जिथं गावातली केबल चांगली आहे तिथं ती भंगारात काढायची घाई काहून?

यात एकच अडचण मोठी, वीज. ती पेटी लोडशेडिंगमध्ये बंद पडणार, पंचायतीचं बिल थकलं की महिनाभर बंद पडणार. म्हणून सोलर अन् बॅटरी पहिल्या अंदाजपत्रकातच धरा, नंतर बघू म्हणून नाही. वावरात डुकरं हाकलायला सोलर चालते तर पंचायतीच्या भिंतीवर चालायला काय झालं.

आणि हे होईपर्यंत कंपनीनं निदान दोन गोष्टी कराव्या. कनेक्शन देतानाच अटेन्युएशन मोजून गिऱ्हाइकाला कागदावर लिहून द्यावं, तुमच्या तारेवर इतकीच स्पीड निघते, याच्या वरचा प्लॅन आम्ही विकणार नाही. आणि पिलर-डीपीचे जॉइंट मे महिन्यात, पाऊस लागायच्या आत करावे, जुलैमध्ये चिखलात उभं राहून नाही. आपल्या पेपरच्या तालुका वार्ताहरांनी प्रत्येक गावातल्या पंचायतीच्या पेटीचा दिवा चालू की बंद एवढं जरी पाहून छापलं तरी बरंच हलेल.

आपला,
एक जुना वाचक, जि. यवतमाळ

ता. क. – वळवाचे दिवस आले की वीज कडाडली तेव्हा नुसता मोडेमचा स्विच बंद करून उपयोग नाही, टेलिफोनची तारही काढून ठेवा. आमच्या भागात बहुतेक मोडेम लाइटीच्या बाजूनं नाही, तारेच्या बाजूनं जळतात.