बाबांना आलेलं समन्स

ती. आई-बाबांस,
सा. नमस्कार.

रविवारी फोन ठेवताना बाबा म्हणाले, "तुला विचारून काय उपयोग, तू तर आरोपींचीच माणूस," आणि फोन आईकडे दिला. आईने लगेच पावसाचं आणि गॅस सिलिंडरचं काढलं. मीही हो हो करत राहिले. कोर्टात तासभर युक्तिवाद करणारी मी, तुमच्यापुढे मात्र दुसऱ्या वाक्यालाच अडते. म्हणून लिहायला बसलेय. बाबांना तसंही कागदावर उतरलेलंच खरं वाटतं.

आधी समन्सचं. घरफोडीच्या केसमध्ये तुम्ही फिर्यादी, म्हणजे पहिली साक्ष तुमचीच. काय सांगायचं असं तुम्ही विचारलंत आणि मी गप्प बसले, त्याचा तुम्हाला राग आला. पण बाबा, मी सांगूच शकत नाही. समोरच्या वकिलाचा उलटतपासातला पहिला प्रश्न हाच असेल, की तुमची मुलगी वकील आहे ना, कोर्टात काय बोलायचं हे तिनेच पढवलं ना? आणि तुम्हाला खोटं बोलता येत नाही. "हो" म्हणालात की बाकीच्या साक्षीवर पाणी. तेव्हा दार कुठलं फोडलं, कोण दिसलं, किती वाजले होते, यातलं एक अक्षर मी लिहिणार नाही. ते तुमचं तुम्हाला आठवेल तसं.

आणि पाटल्या गेल्याचं मला काही वाटत नाही, असं आईने मनात आणू नये. आजीच्या हातातल्या पाटल्या त्या. बातमी कळली त्या रात्री माझ्याही मनात पहिलं आलं ते हेच, की सापडला तर सोडू नये मेल्याला. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला मी कोर्टात दुसऱ्या एका घरफोडीतल्या आरोपीच्या जामिनासाठी उभी होते. बोर्डावर होती केस, करणार काय.

शेजारच्या काकूंनी लग्नात सगळ्यांसमोर विचारलं होतं ना, "चोरांचे पैसे पचतात का गं?" त्यांना सांगा, चोरांकडे पैसे असते तर ते माझ्याकडे आलेच नसते. आमच्या लोकअभिरक्षक कार्यालयात येतो तो ज्याला वकील करणं परवडत नाही असा आरोपी. आम्हाला महिन्याचं मानधन विधी सेवा प्राधिकरण देतं, खासगी केस एकही घेता येत नाही आणि पक्षकाराकडून चहासुद्धा घ्यायचा नाही. १९७६ मध्ये घटनेत मोफत कायदेशीर मदतीचं कलम घातलं, १९८७ मध्ये त्यासाठी कायदा केला, त्या साखळीतलं हे शेवटचं टेबल. टेबलाचा एक पाय हलतो, खाली जुन्या दैनंदिनीची घडी घातलीय.

बाबा, एक गोष्ट लिहू की नको असं दोन दिवस चाललंय. लिहितेच. मी चौथीत, तुमच्याच वर्गात. सहलीच्या वर्गणीतले चाळीस रुपये गेले आणि सगळ्या वर्गाने मागच्या बाकावरच्या त्या पालावरच्या मुलाकडे पाहिलं. तुम्हीही पाहिलंत. त्याच्या एकट्याच्याच दप्तराची झडती झाली, काही मिळालं नाही, तरी तुम्ही त्याला मारलंत. संध्याकाळी नोटा तुमच्याच हजेरीपटात सापडल्या. तुम्ही सायकल काढून पालावर गेलात, मला मागे बसवून. त्याच्या बापापुढे हात जोडलेत. तो बाप घाबरून तुमच्याच पाया पडायला लागला. मुलगा काही पुन्हा शाळेत आला नाही. घरी येईपर्यंत तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. तुम्हाला टोचावं म्हणून हे लिहीत नाही. मी दिवाणीकडे न जाता फौजदारीकडे का गेले असं तुम्ही दहा वेळा विचारलंत, त्याचं खरं उत्तर मला एवढंच सापडतं.

सोलापुरात आजही एका भागाला सेटलमेंट म्हणतात. इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा केला की अमुक जमाती जन्मानेच गुन्हेगार. त्यांना तारेच्या कुंपणात, म्हणजे सेटलमेंटमध्ये, ठेवायचं, हजेरी घ्यायची. गंमत बघा, त्याच इंग्रजांनी पुढच्याच वर्षी, १८७२ मध्ये, पुराव्याचा कायदा आणला आणि त्यात लिहिलं की पोलिसांपुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालणार नाही. पहिला कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, म्हणून त्या जमातींना आता विमुक्त म्हणतात. दुसरा परवापर्यंत चालू होता आणि २०२४ च्या जुलैत नवे कायदे आले तेव्हा ही तरतूद नव्या पुस्तकातही तशीच उतरली, फक्त कलमाचा आकडा बदलला. पण रात्री कुठे चोरी झाली की पोलिसांची गाडी आधी कुठल्या वस्तीवर जाते, ते माझ्या टेबलावरचे कागद बघून सांगता येतं. तिथे १८७१ च चालू आहे.

मागच्या वर्षीची एक केस सांगते. त्यातलं एक मला अजून सुटलेलं नाही.

रात्री दोनला एका मळ्यातल्या घरात चोर शिरले आणि झोपलेल्या बाईच्या गळ्यातलं डोरलं ओढून नेलं. अकरा दिवसांनी एका विमुक्त वस्तीवरच्या बावीस वर्षांच्या पोराला उचललं. कोठडीत तो म्हणे आपणहून बोलला, की डोरलं बाभळीखाली पुरलंय, चला दाखवतो. कबुली चालत नसली तरी तिच्यामुळे वस्तू सापडली तर तेवढा भाग पुराव्यात येतो. त्यामुळे पुष्कळ केसेसमध्ये बाभूळ असते, नाहीतर ओढा असतो, नाहीतर घरातली धान्याची कणगी. आणि वस्तू निघताना हजर असलेले दोन पंच असतात.

पंच पिंजऱ्यात आला. साधा माणूस, हात पुसत आला. मी विचारत गेले, न्यायाधीश साहेब लघुलेखकाला सांगत गेले. आमच्याकडे साक्ष कशी उतरते हे तुम्हाला वाचायला आवडेल: "हे म्हणणे खरे आहे की, माझी चहाची टपरी पोलीस ठाण्याच्या भिंतीला लागून आहे. हे म्हणणे खरे आहे की, यापूर्वी मी तीन केसेसमध्ये पंच होतो. पंचनामा कोणी लिहिला हे मी सांगू शकत नाही. डोरले लाखेने सील केले होते किंवा कसे, हे मला आठवत नाही. हे म्हणणे खरे नाही की, मी पोलिसांच्या सांगण्यावरून सही केली." शेवटचं वाक्य सगळे पंच असंच सांगतात. पण त्याच्या आधीच्या चार वाक्यांत केस संपली होती.

त्यानंतर ती बाई आली. तिला पोलीस ठाण्यात एकच डोरलं दाखवून "हेच ना?" असं विचारलं होतं. खरं तर तसलीच चार-पाच डोरली मिसळून, पंचांसमोर, त्यातलं स्वतःचं वेगळं काढायला लावायचं असतं. मी विचारलं, अशी डोरली सोनाराकडे मिळतात? मिळतात. तुमच्या डोरल्यावर काही खूण, अक्षर? नाही. वजनाची पावती? नाही.

पोरगा निर्दोष सुटला. तोवर त्याचं दीड वर्ष आत गेलं होतं. निकालानंतर मी जिना उतरत होते, ती बाई कठड्याला धरून उभी होती. भांडायला आलीय असं वाटलं. ती म्हणाली, "ताई, बत्तीस वर्षं गळ्यात होतं ते. मी ओळखणार नाही का?"

मला उत्तर देता आलं नाही. आजही येत नाही. कदाचित डोरलं तिचंच होतं आणि बाभळीखाली ते त्या पोराने नाही, दुसऱ्याच कोणी ठेवलं होतं. कदाचित पोराने खरंच चोरलं होतं आणि पोलिसांनी नीट काम केलं असतं तर तो सुटला नसता. मी त्याला कधी विचारलं नाही. विचारायचं नाही असा नियम नाही, पण मी विचारत नाही. काहीजण आपणहून सांगतात, "मॅडम, केलंय मी." मग त्याच्या तोंडी खोटी कहाणी मला घालता येत नाही, खोटा साक्षीदार उभा करता येत नाही. सरकार पक्षाला मात्र सांगू शकते, तुमचं काम तुम्ही पुरं करा. असे दोन जण शिक्षा होऊन आत गेले. आणि ज्याने केलेलं नाही अशी माझी खात्री होती असा एक जणही आत गेला. त्याचं अपील उच्च न्यायालयात आहे. त्या रात्री मी जेवले नव्हते. आईला वाटलं पित्त.

बाबा म्हणतात, कोर्टाला कळतं खरा कोण खोटा कोण. नाशिकजवळचं प्रकरण तुम्ही पेपरात वाचलं असेल. २००३ मध्ये एका कुटुंबावर दरोडा पडला, खून झाले. भटक्या जमातीतल्या सहा जणांना पकडलं. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. वाचलेल्या बाईने सुरुवातीला पोलिसांच्या अल्बममधून वेगळ्याच चौघांचे फोटो दाखवले होते, त्यांचा तपासच झाला नव्हता. त्याच सर्वोच्च न्यायालयाने ५ मार्च २०१९ ला सहाही जणांना निर्दोष सोडलं आणि प्रत्येकी ५ लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. सोळा वर्षं गेली मधे. त्यांच्यातला एक गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता, तेही मागाहून उघड झालं. कुठल्या तरी वकिलाने जुने कागद पुन्हा उघडले नसते तर आज ते सहा जण नसते.

आठवड्यातून एकदा मी इथल्या जिल्हा कारागृहात जाते. देशभरातल्या तुरुंगांत चारातले जवळपास तिघे न्यायाधीन बंदी, म्हणजे निकाल न लागलेले. मोठ्या खटल्यांचं सोडा, माझा निम्मा वेळ जामीनदार शोधण्यात जातो. मोटारसायकल चोरीतल्या एका पोराला १५ हजारांचा जामीन झाला. आई-बाप ऊसतोडीला गेलेले, सातबारा कुणाच्या नावावर नाही, पोराला ओळखणारा माणूस या शहरात एकही नाही. जामिनाचा हुकूम हातात असून तो चार महिने आत. शेवटी अर्ज करून जातमुचलक्यावर, म्हणजे त्याच्या स्वतःच्याच हमीवर, सोडवला. जामीन होऊन ७ दिवसांत कैदी सुटला नाही तर तुरुंग अधीक्षकाने विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०२३ चा आदेश आहे. कळवतात. पण मेलमधून जामीनदार येत नाही. सुटला त्या दिवशी त्याने मला विचारलं, "मॅडम, एसटीला किती लागतील?" घरी जायला त्याच्याकडे दहा रुपयेही नव्हते. हे काम काकूंना कसं समजावणार, मला सुचत नाही.

आता तुमच्या तारखेचं. हे सगळ्याच साक्षीदारांना सांगतात, तेव्हा पढवण्यात येत नाही. समन्स आणि आधार कार्ड बरोबर ठेवा. अकराला पोहोचलात तरी पुकारा कदाचित तीनला होईल, तेव्हा शुगरची गोळी आणि डबा न्या. सरकारी वकिलांना आधी भेटा. ठाण्यात दिलेली फिर्याद वाचायला मागू शकता. प्रश्न पुरा ऐका. घाई नाही. आठवत नसेल तर आठवत नाही म्हणा, त्यात कमीपणा नाही. शिक्षक होतात म्हणून प्रत्येक प्रश्नाला उत्तर आलंच पाहिजे असं नाही. साक्ष वाचून बघितल्याशिवाय सही करू नका. उभं राहवत नसेल तर साहेबांना खुर्ची मागा, देतात. आणि साक्षीदाराचा भत्ता मिळतो, तो लाजून सोडून येऊ नका.

पोलिसांनी तुम्हाला "ओळखून टाका, केस मजबूत होईल" असं सांगितल्याचं आई बोलून गेली. त्यावर मी काहीच बोलत नाही. तुम्ही हजेरीपट उघडून बघितलात, तेवढंच आठवते.

समोर उभा राहणारा वकील बहुतेक तुमच्या जिल्ह्यातल्या लोकअभिरक्षक कार्यालयातलाच असेल, माझ्यासारखा. तरुण असेल. तो तिरकस विचारेल, तुम्हाला खोटं पाडतोय असं वाटेल. बाहेर आल्यावर त्याने नमस्कार केला तर तोंड फिरवू नका. मीही करते, पुष्कळजण तोंड फिरवतात.

राहिला मुद्देमाल. एकच पाटली मिळालीय म्हणता. निकालाची वाट न बघता ती परत मागण्याचा अर्ज करता येतो. तो अर्ज मी करणार नाही, तिथले ओळखीचे एक वकील करतील, फी घेणार नाहीत. पाटली आईचीच कशावरून, हा प्रश्न मात्र येणार. अशा पाटल्या बाजारात मिळतात का, असं तो तरुण वकील आईला विचारेल. मीही तेच विचारलं असतं.

सोनार वारला, पावती नाही. पण माझ्या लग्नाच्या अल्बममध्ये हळदीचा एक फोटो आहे. आई माझ्या गालाला हळद लावतेय, दोन्ही मनगटं कॅमेऱ्याकडे, आणि उजव्या हातातल्या पाटलीवरचा पोचा स्पष्ट दिसतो. तो फोटो मी मोठा करून घेते आणि शनिवारच्या एसटीने पार्सल टाकते. स्टँडवरून घेऊन या, आणि मिळाला की आईला फोन करायला सांगा.

तुमची,
थोरली