हॉलमधली मॅच बघायला जाशील तेव्हा

मालवण

चि. बाय हिस,
अनेक आशीर्वाद.

शनिवारी तुझ्या रूममेटची मॅच आहे आणि तू पहिल्यांदाच कॉलेजच्या हॉलमध्ये बसून बास्केटबॉल बघणार आहेस, हे वाचून फार बरं वाटलं. टीव्हीवर कॅमेरा चेंडूच्या मागे धावतो, त्यामुळे चेंडूपासून लांब काय चाललंय ते कधी कळतच नाही. छोट्या हॉलमध्ये दहाही जणी एका नजरेत मावतात. त्याचा पुरेपूर फायदा घे.

अर्धा तास आधी पोच. ओली छत्री आणि चिखलाच्या चपला दाराबाहेर ठेव, आत पाण्याचा एक थेंब सांडला तरी कोणाचा तरी पाय मुरगळू शकतो. कोर्टाच्या रेषेबाहेर चारी बाजूंना २ मीटर मोकळी जागा हवी असा नियम आहे, पण लहान हॉलमध्ये बास्केटच्या बोर्डामागे कधी जेमतेम मीटरभरच उरते, म्हणून भिंतीला गाद्या टांगतात. ले-अप, म्हणजे धावत जाऊन बास्केटजवळून शॉट, मारून येणारी मुलगी पूर्ण वेगात असते, तिला थांबायला दोन-तीन पावलं लागतात. तिथे पिशवी, बाटली, पसरलेले पाय काहीच नको. बोर्डाच्या बरोबर मागे तर बसूच नकोस.

हा खेळ जन्मला तोच हॉलमध्ये. अमेरिकेत स्प्रिंगफील्ड इथे डिसेंबर १८९१ मध्ये जेम्स नेस्मिथ यांनी तो शोधून काढला, कारण कडक थंडीत मुलांना बाहेर खेळता येईना. गॅलरीच्या कठड्याला पीच फळांच्या टोपल्या ठोकल्या आणि दोन्ही बाजूंना नऊ-नऊ जण खेळले. गॅलरी १० फुटांवर होती म्हणून रिंग आजही तेवढ्याच उंचीवर, म्हणजे ३.०५ मीटरवर आहे. पुढे गॅलरीतले प्रेक्षक वाकून चेंडूला हात लावायला लागले, त्यांना अडवायला टोपलीमागे आडोसा लावला आणि तोच आजचा बोर्ड. तिकडची थंडी, तसा आपल्याकडचा पाऊस. बाहेरचं कोर्ट पाण्याखाली असतं तेव्हा हॉलशिवाय गत्यंतर नसतं.

बसताना स्कोअररच्या टेबलासमोरची लांब बाजू धर. दोन्ही टीमचे बेंच टेबलाच्या बाजूला असतात, तिकडून निम्मं कोर्ट उभ्या असलेल्या माणसांत झाकलं जातं. पायऱ्या असतील तर तिसरी-चौथी पायरी उत्तम. अगदी खाली बसलं की खेळाडू एकमेकींच्या आड जातात आणि त्यांच्यामधलं अंतर समजत नाही. पहिल्या हाफमध्ये तुमची टीम ज्या बास्केटवर हल्ला करणार त्या बाजूच्या फ्री थ्रो लाइनच्या (फाऊलनंतर मोकळा शॉट मारतात त्या रेषेच्या) आसपास बस. ते बास्केट कोणतं ते वॉर्म-अपमध्येच कळतं, कारण टीम सराव करते त्याच बास्केटवर पहिले दोन क्वार्टर खेळते. मध्यंतरानंतर बाजू बदलतात, तेव्हा तूही जागा बदल.

वॉर्म-अप मुळीच चुकवू नकोस. अर्धी मॅच तिथे वाचता येते. आधी लादी बघ. भर पावसात दमट हवा गार लादीला लागली की लादीला ओल सुटते, आणि पश्चिमेकडच्या झरोक्यांतून झड आत आली तर त्या भिंतीलगतचा पट्टा ओलाच राहतो. मुली सारख्या तळव्याने बुटांचे सोल पुसताना दिसल्या तर समज की आज कोणी झटकन वळणार नाही, दोन पावलांत थांबायला गेली की बूट सरकेल आणि ट्रॅव्हलिंगची, म्हणजे चेंडू हातात धरून जास्त पावलं टाकल्याची, शिट्टी वाजेल. घाम सर्वांत जास्त सांडतो तो बास्केटखाली. पोछा घेऊन एक मुलगा तयार बसलाय का ते बघ. नसेल तर तिसऱ्या क्वार्टरपर्यंत तिथे कोणी ना कोणी पडणार.

मग रिंग. आपल्या खाऱ्या हवेत बोल्ट गंजतात, ढिले पडतात आणि रिंग पुढच्या अंगाला किंचित झुकते. चेंडू पुढच्या कडेला लागून जागच्या जागी मेल्यासारखा खाली पडत असेल तर रिंग ढिली आहे. लांब उसळत असेल तर ती ताठ आहे, आणि त्या दिवशी रिबाउंड, म्हणजे चुकून उसळलेला चेंडू, बास्केटखाली थांबणारीला मिळत नाही, दोन पावलं मागे उभी असणारीला मिळतो. बोर्ड प्लायचा असेल आणि ओलीने फुगला असेल तर बोर्डावर मारलेला चेंडू जोर हरवून बसतो. हुशार टीम पाच मिनिटांत हे ओळखते आणि बोर्ड सोडून सरळ रिंगवर मारायला लागते. मुलींच्या सामन्यात चेंडू ६ नंबरचा असतो, मुलांच्या ७ नंबरपेक्षा लहान आणि हलका. दमट हवेत त्यावर धूळ चिकटून तो बुळबुळीत होतो, म्हणून टाइम-आउटला तो पुसतात.

पत्र्यावर पाऊस कोसळायला लागला की शिट्टी ऐकू येत नाही. तेव्हा रेफरीचे हात बघ. उघडा पंजा वर गेला तर नियमभंग, मूठ वर गेली तर फाऊल. त्यापुढची खूण कारण सांगते. दोन्ही मुठी एकमेकींभोवती फिरवल्या तर ट्रॅव्हलिंग. दोन्ही हात कमरेवर म्हणजे ब्लॉकिंग, बचाव करणारी आडवी आली. मूठ तळहातावर आपटली तर चार्जिंग, चेंडूवालीच समोरच्या मुलीवर आदळली. दोन्ही अंगठे वर म्हणजे चेंडू दोघींच्या हातात अडकला. तो कोणाला मिळणार हे टेबलावरचा बाण ठरवतो, आणि चेंडू आत टाकून झाला की बाण उलटा फिरवतात.

आता मुख्य गोष्ट. चेंडू ड्रिबल करणारीवरून नजर काढ आणि पलीकडच्या बाजूला रिकाम्या हाताने पळणारी मुलगी पकड. ती एका अंगाकडून दुसऱ्या अंगाला गेली आणि तिची पहारेकरीण शेवटपर्यंत तिच्यामागे गेली, तर मॅन टू मॅन. मध्येच तिला दुसरीच्या हवाली करून स्वतः जागेवर थांबली, तर झोन. दोन-तीन वेळा बघितलंस की पक्कं कळेल. लहान हॉलमध्ये झोन बहुतेक वेळा दिसते आणि त्याला सबळ कारण आहे. पूर्ण कोर्ट २८ बाय १५ मीटरचं असतं. तीन गुणांची रेषा ६.७५ मीटरच्या वर्तुळावर असते, पण कोपऱ्यात ती साइडलाइनला समांतर सरळ जाते आणि दोन्ही रेषांमध्ये फक्त ९० सेंटिमीटर उरतात. हॉलमुळे कोर्ट २६ बाय १४ चं आखावं लागलं आणि तीन गुणांची रेषा जागच्या जागी ठेवली, तर तिथे ४० सेंटिमीटरच राहतात. एका बुटाची लांबी त्यात कशीबशी बसते. टाच साइडलाइनला लागली की चेंडू गेला, बोट आतल्या रेषेवर पडलं की तीनचे दोन झाले. कोपरा असा मेला की झोनवाल्यांना तिकडे धावायची गरजच उरत नाही, पाचही जणी आत गर्दी करून उभ्या राहतात. अशा कोर्टावर बाहेरून मारा करत बसणारी टीम माझ्या मते हट्टीपणा करते. फ्री थ्रो लाइनजवळ एक मुलगी उभी करून चेंडू तिच्यापर्यंत पोचवला की झोन आतून फुटते. तुमची टीम हे करते का, नीट बघ.

शॉट हवेत असतानाही वर बघू नकोस. एका बाजूने मारलेला लांबचा शॉट चुकला तर बहुतेकदा पलीकडच्या बाजूला उसळतो. तिथे कोण कोणाला पाठीने रेटून बाहेर ठेवतेय, यावरच रिबाउंड कोणाचा ते ठरतं. चेंडू खाली येईपर्यंत भांडण मिटलेलं असतं.

टेबलाकडेही अधूनमधून लक्ष असू दे. फाऊल झाला की टेबलावरून १ ते ५ आकड्यांची पाटी उचलतात, तो त्या मुलीचा कितवा फाऊल ते सांगते. पाचव्याला ती बाहेर. एका क्वार्टरमध्ये टीमचे चार फाऊल झाले की त्या बेंचकडच्या टोकाला लाल खूण ठेवतात. त्यानंतर बचाव करताना साधा धक्का जरी लागला तरी समोरच्यांना दोन फ्री थ्रो. पहिल्या चार मिनिटांत लाल खूण लागली तर कोच हमखास मॅन टू मॅन सोडून झोनवर येतो. चेंडू मिळाल्यावर २४ सेकंदांत शॉट मारावा लागतो, त्याचं वेगळं घड्याळ नसेल तर कोणीतरी स्टॉपवॉच घेऊन मोठ्याने आकडे मोजत असतं, पावसात तेही ऐकू येत नाही आणि मुली घाईत कसाही शॉट मारतात. शॉट रिंगला लागून चेंडू परत हल्ला करणाऱ्यांनाच मिळाला तर नव्याने २४ मिळत नाहीत, १४ मिळतात.

मध्यंतरात परवानगी घेऊन स्कोअरशीट बघून ये. दोन हात मागे उभी राहा, स्कोअररशी बोलू नकोस. बास्केट झालं की चालू गुणांच्या आकड्यावर तिरकी रेघ, फ्री थ्रो असेल तर भरीव ठिपका, आणि शेजारी खेळाडूचा नंबर. तीन गुणांचं बास्केट असेल तर त्या नंबरभोवती गोल. पहिला आणि तिसरा क्वार्टर लाल शाईत, दुसरा आणि चौथा निळ्या किंवा काळ्या शाईत. त्या उभ्या रकान्यावरून बोट फिरवलंस तर एकाच टीमच्या रेघा लागोपाठ कुठे पडत गेल्या आणि मॅच कुठे हलली ते दिसेल.

खेळ १० मिनिटांच्या चार क्वार्टरचा असला तरी घड्याळ सारखं थांबतं, त्यामुळे सुमारे दीड तास धर आणि हॉस्टेलच्या वेळेचा हिशेब आधीच कर. शेवटच्या दोन मिनिटांत मागे पडलेली टीम मुद्दाम फाऊल करेल, त्याला रडीचा डाव समजू नकोस. समोरच्यांकडे चेंडू असताना घड्याळ थांबवायचा तोच एक मार्ग त्यांच्या हातात असतो, आणि समोरची मुलगी फ्री थ्रो चुकवेल ही आशा. म्हणून फ्री थ्रोला कोण कच्ची आहे ते वॉर्म-अपमध्येच हेरून ठेव.

रविवारी फोन कर. झोन होती की मॅन टू मॅन, लाल खूण कोणाला आधी लागली आणि तुझी रूममेट चेंडू हातात नसताना कुठे उभी होती, एवढं सांग. स्कोअर नंतर सांगितलास तरी चालेल.

तुझी,
आई