कर्जवसुलीचं समन्स आल्यावर

प्रिय संजय,

समन्स मिळालं ती तारीख आधी त्याच्यावरच लिहून ठेव, उत्तराची मुदत तिथूनच मोजतात. बेलीफाला (समन्स घेऊन येणाऱ्या कोर्टाच्या माणसाला) परत पाठवून काही साधत नाही. घ्यायला नकार दिला तरी बजावणी झाली असं कोर्ट धरू शकतं आणि दावा एकतर्फी, म्हणजे तुझं न ऐकताच, चालतो.

मग पहिलं पान बघ. ‘समरी’ किंवा ‘ऑर्डर ३७’ (दिवाणी प्रक्रिया संहितेतली झटपट निकालाची पद्धत) असं असेल तर हातात १० दिवसच आहेत. तेवढ्यात बचाव मांडायचा नसतो. स्वतः हजर झाल्याची पुरसीस (कोर्टाला द्यायची छोटी लेखी नोंद) आणि नोटिशीसाठीचा पत्ता दाखल करायचा, त्याच दिवशी वादीच्या (दावा लावणाऱ्याच्या) वकिलाला कळवायचं. हे राहिलं की थेट हुकूमनामा (पैसे भरण्याचा कोर्टाचा निकाल) होऊ शकतो. पुढे वादी ‘समन्स फॉर जजमेंट’ (निकाल मागणारं दुसरं समन्स) बजावेल. ते मिळाल्यापासून १० दिवसांत बचावाच्या परवानगीचा अर्ज प्रतिज्ञापत्रासह द्यायचा.

साधा दावा असेल तर कैफियतीला (दाव्याच्या लेखी उत्तराला) ३० दिवस. कारण पटलं तर कोर्ट ९० पर्यंत वाढवतं. दाव्याच्या प्रत्येक परिच्छेदाला वेगळं उत्तर दे. ‘सर्व मजकूर अमान्य’ या एका ओळीवर विसंबू नकोस, कारण जे नेमकेपणाने नाकारलं नाही ते कबूल धरलं जातं. कर्ज घेतलं होतं हे खरं असेल तर तसंच लिही, प्रतिज्ञेवर खोटं नको. भांडायचं ते रकमेवर: कुठला हप्ता जमा दाखवला नाही, व्याजाचा दर करारापेक्षा जास्त कुठे लावला, दंडव्याज कशाच्या आधारावर. बँकेच्या खातेउताऱ्यावर ‘बँकर्स बुक्स’ कायद्याचं प्रमाणपत्र (उतारा बँकेच्या वहीतली खरी नक्कल असल्याचा दाखला) आहे का, आणि कर्ज दुसऱ्या कंपनीला विकलं असेल तर हस्तांतरणाच्या दस्तात तुझं खातं आहे का, हेही तपास.

मुदतीचा मुद्दा सोडू नकोस. असा वसुलीचा दावा लावायला साधारण ३ वर्षं असतात. मात्र ती संपण्याआधी कर्जाची सहीनिशी कबुली दिली की ३ वर्षं नव्याने सुरू होतात, आणि संपल्यावरही ‘फेडीन’ असं सही करून लिहून दिलं तर करार कायद्याच्या कलम २५ प्रमाणे ते बांधून ठेवतं. म्हणून वसुलीवाल्याच्या कुठल्याच कागदावर सही करू नकोस.

लोकअदालतीत तडजोड होऊ शकते, पण तिथल्या निवाड्यावर अपील नाही. हप्ता चुकला तर काय होईल ते कलम आधी वाच. तालुका विधी सेवा समितीकडे मोफत वकिलासाठी अर्ज करता येतो. वहिनींचं नावही दाव्यात असेल तर त्यांना स्त्री म्हणून उत्पन्नाची अट नाही.

कैफियतीच्या ३ प्रती काढ: एक कोर्टाला, एक वादीच्या वकिलाला, तिसरीवर पोच घे.

तुझा,
अविनाश